लवकर बाद झाले आणि बरं वाटलं

पत्र थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची १९ वर्षांची वाचक. एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. पाचवीत शाळेच्या मैदानावर खो-खो खेळायला लागली, तेव्हापासून सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी पाच असा दोन वेळचा सराव सुरू आहे. शालेय स्पर्धांत राज्यापर्यंत गेली, जिल्ह्याच्या संघातूनही खेळली. बचावाला आधी उतरणाऱ्या पहिल्या तुकडीत पळते. गेले सहा-सात महिने गजर वाजला की उठूच नये असं वाटतं, मैदानावरची शिट्टी ऐकली की पोटात गोळा येतो, घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही, नळ सोडून बाथरूममध्ये रडते. दोन विषयांत केटी लागली आहे. गेल्या महिन्यात आंतरमहाविद्यालयीन सामन्यात ती पाऊण मिनिटात बाद झाली आणि तिला बरं वाटलं. ‘मी मुद्दाम बाद झाले का, हे माझं मलाच कळत नाही,’ असं ती लिहिते. तीन आठवड्यांनी विद्यापीठ संघाची निवड चाचणी आहे. वडील दुधाचा टेम्पो चालवतात, त्यांची भिस्त स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीवर आहे. सरांनी इतकी वर्षं एक रुपयाही न घेता शिकवलं. तिचे प्रश्न दोन: ‘मी आळशी झालेय का? आणि आता खेळ सोडला तर सरांशी, पप्पांशी बेइमानी होईल का?’

आधी त्या पाऊण मिनिटाबद्दल बोलू. पत्र तू चार पानी लिहिलंयस, पण टोचतंय ते तेवढंच.

जी मुलगी मुद्दाम बाद होते तिला ते पक्कं ठाऊक असतं. ती मैदानात उतरण्याआधीच ठरवून आलेली असते. तुला कळत नाहीये, म्हणजे तसं झालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. पळतीत काय काय लागतं हे तुला मी सांगायला नको, पण या सदराच्या बाकीच्या वाचकांसाठी सांगते. पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर, आठ जणी बसलेल्या, एक आड एक उलट्या तोंडाने. नववी मागे लागलेली. ती मधली पाटी ओलांडू शकत नाही, मागे वळू शकत नाही, पण खो दिला की त्याच क्षणी दुसरीच कुणी, दुसऱ्याच दिशेने तुझ्यावर येते. साखळी खेळायची, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळायचं, तर कोण कुठल्या तोंडाने बसलीय हे पळता पळता डोक्यात ठेवावं लागतं. हुलकावणी द्यायची तर समोरचीचा खांदा कुठे झुकतोय ते बघावं लागतं. यात पायांपेक्षा आधी डोकं दमतं. सहा महिने धड झोप नसलेलं, रडून जड झालेलं डोकं अर्धा सेकंद उशिरा वळलं की गडी टिपला जातो. त्याला बेइमानी म्हणत नाहीत.

आणि बरं वाटलं त्याचं काय? तर ते खरंच आहे, आणि ते झाकू नकोस. पण बरं वाटलं म्हणून तू गुन्हेगार ठरत नाहीस. ज्या जागी थांबणं असह्य झालंय तिथून सुटका झाली की कुणालाही बरंच वाटेल. विचार करायचा तो याचा की ज्या मैदानासाठी तू नऊ वर्षं अंधारात उठलीस, त्यातून सुटका व्हावी असं कधीपासून वाटायला लागलं?

आळसाचा मुद्दा मी इथेच निकालात काढते. नऊ वर्षं साडेपाचला मैदानावर हजर असलेली मुलगी एकाएकी आळशी होत नसते. काहीतरी संपलेलं असतं. ते शरीरातलं की मनातलं, हे आधी बघायला हवं. म्हणून सल्ल्याआधी डॉक्टर.

तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात जेवणाबद्दल एक अक्षर नाही. मासिक पाळीबद्दल नाही. पहाटे चहा-बिस्किटावर दोन तास पळायचं, तिथून तसंच कॉलेज, डबा दुपारी, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि रात्री जेवून पुस्तक उघडायचं, असा दिवस असेल तर तुझ्या जागी पहिलवानही कोसळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तू रोज दोनदा घाम गाळतेस, म्हणजे तुझी लोहाची गरज आणखी जास्त. रक्तक्षयात धाप लागते, चिडचिड होते, उत्साह राहत नाही, लक्ष लागत नाही, आणि हे सगळं बाहेरून हुबेहूब ‘हिचं खेळात मन नाही’ असंच दिसतं. तेव्हा याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन तर बघाच (तुझ्या वयाच्या मुलीत १२च्या खाली असेल तर तो रक्तक्षय), पण लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी आणि थायरॉइडही करायची का, ते विचार. पाळी दोन-तीन महिने चुकली असेल तर ते आपणहून सांग. खेळणाऱ्या मुलींमध्ये ‘सरावामुळे होतं असं’ म्हणून ते सोडून देतात. ते सोडून द्यायचं नसतं. खाण्यातून मिळणाऱ्या शक्तीपेक्षा खर्च जास्त झाला की शरीर ज्या गोष्टी आधी बंद करतं त्यातली ती एक, आणि पुढे हाडांना ते बाधतं.

रिपोर्ट खराब आला तर अर्धं कोडं सुटलं. चांगला आला तर पुढचं वाच. खराब आला तरी वाचच.

खेळाडूंच्या बर्नआउटवर काम करणारे मानसतज्ज्ञ साधारण तीन खुणा सांगतात. शरीराने आणि मनाने पार रिकामं होणं. कितीही केलं तरी आपल्याला काही जमत नाही असं वाटत राहणं. आणि ज्या खेळाची ओढ होती त्याची किंमतच मनातून उतरणं. यातली तिसरी खूण साध्या थकव्यापासून वेगळी ओळखायला उपयोगी पडते. नुसतं दमलेलं माणूस दोन दिवस झोपलं की पुन्हा मैदानाकडे बघतं. तू लिहितेस की दिवाळीत आठ दिवस सराव नव्हता, आणि सातव्या दिवसापासूनच पोटात गोळा यायला लागला. म्हणजे विश्रांतीने थकवा गेला, ओढ काही परत आली नाही.

जे कोकली नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९९२ साली एक वेगळा मुद्दा मांडला. चांगलं खेळत असतानाच खेळ सोडून दिलेल्या किशोरवयीन खेळाडूंशी तो बोलला. त्याचं म्हणणं असं, की या मुलांना ताण पेलवला नाही हे निदान अपुरं आहे. मूळ अडचण ही, की खेळाडू सोडून दुसरं काही होण्याची जागाच त्यांच्या आयुष्यात उरलेली नव्हती, आणि त्या आयुष्याबद्दलचे निर्णय दुसरेच कुणी घेत होते. मला हे तुझ्या पत्राला फार लागू वाटतं. चार पानांत तू सरांना काय वाटेल, पप्पांना काय वाटेल, संघातल्या मुलींना काय वाटेल, कॉलेजच्या जिमखान्याच्या सरांना काय वाटेल हे सगळं लिहिलंस. तुला काय हवंय, हे वाक्य मी शोधत होते. सापडलं नाही.

आता जरा तुझ्या वर्षाकडे बघ. कॉलेज उघडलं की आंतरमहाविद्यालयीनची तयारी, त्यातून विद्यापीठाची निवड, मग शिबिर. मध्येच जिल्ह्याची निवड चाचणी आणि राज्य अजिंक्यपद. थंडी पडली की गावोगावच्या निमंत्रित स्पर्धा, जत्रेनिमित्त नाहीतर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त, प्रकाशझोतात, रात्री एकला संपणाऱ्या. मे महिन्यात उन्हाळी शिबिर, तिथे लहान मुलींना शिकवायला पुन्हा तूच. क्लबला वाटतं तू क्लबची, कॉलेजला वाटतं कॉलेजची, जिल्ह्याला वाटतं जिल्ह्याची. प्रत्येक जण आपापल्यापुरतंच मागतो, त्यामुळे एकालाही आपण जास्त मागतोय असं वाटत नाही. बेरीज फक्त तुझ्या अंगावर होते. व्यावसायिक खेळाडूचा निदान करार असतो, हंगाम असतो, हंगाम संपला की सुट्टी असते. हौशी खेळाडूला यातलं काहीच नाही. पैसे नाहीत म्हणून करार नाही, करार नाही म्हणून रजा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांना एका खेळातून आठवड्याला एक-दोन दिवस आणि वर्षाकाठी एकूण तीन महिने, महिना-महिना करून, सुट्टी द्यावी असं सांगते. तुला गेल्या नऊ वर्षांत सलग महिनाभर सुट्टी कधी मिळाली, हे आठवून बघ. ताप आणि बारावीची परीक्षा त्यात धरायची नाही.

या पार्श्वभूमीवर बेइमानीचा प्रश्न घेऊ.

सरांनी तुझ्याकडून पैसे घेतले नाहीत, पहिले शूज त्यांनीच घेऊन दिले, राज्य स्पर्धेला जाताना तिकिटाचे पैसे भरले. हे उपकार आहेत आणि ते मानायलाच हवेत. आपल्याकडची खो-खोची मैदानं अशाच माणसांनी उभी केली आहेत. सकाळी मैदानावर चुना मारायचा, दिवसभर नोकरी, संध्याकाळी पुन्हा शिट्टी. पण उपकार फेडायचे म्हणजे काय करायचं, याबद्दल तुझी समजूत मला तपासावीशी वाटते. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर वाटीभरच परत करायची असते. सरांच्या पहाटा तशा मोजून परत करता येत नाहीत. किती सामने खेळलीस की फिटलं? विद्यापीठापर्यंत? राष्ट्रीयपर्यंत? १९ जानेवारी २०२५ला दिल्लीत प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, त्याच दिवशी प्रतीक वाईकरच्या संघानेही. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यानंतर कित्येक मैदानांवरच्या सरांच्या डोळ्यांत एक नवं स्वप्न आलं असणार, आणि ते चांगलंच आहे. पण स्वप्न वाढत गेलं तसं तुझं देणंही आपोआप वाढत जावं, हा कुठला हिशेब? मला विचारशील तर सरांना काय दिलंस याचं उत्तर होऊन गेलेल्या नऊ वर्षांतच आहे. ते बुडवायला तू कुठे निघालीस?

एक गोष्ट मात्र तुला सरळ विचारते, कारण पत्रात तू ‘सर खूप ओरडतात’ एवढंच लिहून पुढे गेलीस. ओरडणं म्हणजे ‘पाय उचल’ असं ओरडणं, की सगळ्यांसमोर वजनावरून, घरच्या परिस्थितीवरून बोलणं? हात उगारणं? अंगाला नको तिथे हात लावणं? यातलं काही असेल तर वरचे उपकार-बिपकार सगळं बाजूला ठेव. मग हा थकव्याचा प्रश्नच राहत नाही. घरी सांग, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जा, आणि मला पुन्हा लिही. नसेल, तर मी सर सरळ माणूस आहेत असं धरून चालते.

पप्पांचं गणित चुकीचं नाही, अपुरं आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि कित्येक घरांत पहिली सरकारी नोकरी त्यातूनच आली. पण कोट्यातूनही अर्ज करावा लागतो, परीक्षा असते, प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते, आणि पदवी जिथे लागते तिथे पदवीच लागते. म्हणजे तुझ्या त्या दोन केटी या खेळाच्या आड येणाऱ्या फालतू गोष्टी नाहीत, त्या पप्पांच्याच योजनेला लागलेली गळती आहेत. कुठल्या पदासाठी कोणत्या पातळीवरची कामगिरी धरतात, हे शासन निर्णयात लिहिलेलं असतं आणि ते बदलत आलेलं आहे. म्हणून गावातल्या कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. तुझी सगळी प्रमाणपत्रं घेऊन तू आणि पप्पा एक दिवस जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि विचारा, ‘आमच्याकडे हे आहे. याचा उपयोग कुठे, आणि काय कमी पडतंय?’ काय सांगतील मला माहीत नाही. पण एवढं निश्चित, की आज तुमच्या घरात जो ताण आहे तो ‘आणखी खेळलं पाहिजे’ या मोघम भीतीचा आहे, आणि मोघम भीतीला ठोस उत्तर मिळालं की ती निम्मी होते.

आता करायचं काय. तुझ्या डोक्यात दोनच रस्ते आहेत: कायमचं सोडायचं, नाहीतर दात-ओठ खाऊन चाचणी द्यायची. दोन्ही मला पटत नाहीत. आत्ता कायमचं सोडलंस तर तो निर्णय तू घेतलेला नसेल, थकव्याने घेतलेला असेल, आणि वर्षभराने तो तुलाच परका वाटेल. दात-ओठ खाऊन चाचणी दिलीस आणि निवड झाली, तर पुढे महिनाभराचं शिबिर आणि स्पर्धा. आज पाऊण मिनिटात जे होतंय ते तिथे रोज होईल.

माझं मत असं: यंदाची चाचणी सोड आणि चार आठवडे पूर्ण सुट्टी घे, परतीची तारीख ठरवून. यात तोटा आहे, तो लपवत नाही. यंदाचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र जाईल. तुझ्या जागी पहिल्या तुकडीत दुसरी मुलगी येईल आणि ती चांगली निघाली तर ती जागा तुला आयती परत मिळणार नाही. पण आंतरविद्यापीठ स्पर्धांत पंचविशीपर्यंतचे विद्यार्थी खेळतात. तू १९ची आहेस.

ॲश बार्टी आठवते का? ऑस्ट्रेलियाची टेनिसपटू. २०१४मध्ये, अठराव्या वर्षी, तिने टेनिस थांबवलं. मधल्या काळात ती चक्क क्रिकेट खेळली, तेही महिलांच्या बिग बॅश लीगमध्ये. २०१६मध्ये परतली, २०१९ला फ्रेंच ओपन जिंकली, पुढे विम्बल्डन, ऑस्ट्रेलियन ओपन. आणि मार्च २०२२मध्ये, जगात पहिल्या क्रमांकावर असताना, पंचविसाव्या वर्षी कायमची थांबली. सुट्टी घेतली की माणूस विजेता होऊन परततो, हे सांगायला मी तिचं नाव घेत नाहीये. तसं काही नसतं. पण एकच बाई एकदा थांबून परत येते आणि दुसऱ्यांदा थांबते ती थांबतेच, आणि दोन्ही वेळा ते तिने स्वतः ठरवलेलं असतं. आपल्याकडे विराट कोहलीनेही २०२२च्या आशिया चषकाच्या वेळी सांगितलं होतं, की महिनाभर त्याने बॅटला हात लावला नाही, आणि त्याआधी तो जोशाचं नुसतं सोंग आणत होता. अर्थात त्याच्यामागे बोर्ड होतं, बँकेत पैसे होते. तुझ्यामागे टेम्पोचा हप्ता आहे. म्हणूनच तुझी सुट्टी बेमुदत नको, चार आठवड्यांची.

सरांना सांगायचं कसं? मैदानावर नाही, सराव चालू असताना नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. त्यांच्या घरी जा, जमलं तर आईला सोबत घे. आधी घरात आईशी बोल. तुझ्या पत्रात आई फक्त डबा भरताना येते, पण बाथरूमचा नळ इतका वेळ का वाहतो हे तिला कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. सरांपुढे लांबण लावू नकोस. ‘सर, मी चार आठवडे येणार नाही. तब्येत ठीक नाही, डॉक्टरांना दाखवतेय. झोप नाही, रडू येतं. चाचणी देणार नाही. अमुक तारखेला तुम्हाला येऊन भेटते, तेव्हा पुढचं बोलू.’ एवढंच. तारीख खरोखरची सांग. ते म्हणतील, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. म्हणू देत. म्हणतील, संघाचं काय? त्यावर ‘मला वाईट वाटतंय सर’ एवढं म्हण आणि थांब. पटवून द्यायला जाऊ नकोस, कारण वादात तू हरशील. नऊ वर्षं त्यांचं ऐकायची सवय आहे तुला. पप्पांशी बोलताना मात्र सुट्टीआधी केटीचा विषय काढ. ‘या चार आठवड्यांत मी दोन विषय उरकते’ हे त्यांना कळणारं वाक्य आहे.

सुट्टीत पहिले आठ-दहा दिवस काहीही सिद्ध करू नकोस. झोप, पोटभर जेव, मैदानाच्या रस्त्याने जाणं टाळ. मग हळूहळू अभ्यास. तिसऱ्या आठवड्यात अंग हलवावंसं वाटलं तर गल्लीतल्या पोरींशी लंगडी खेळ, सायकल काढ, पण घड्याळ लावून नको. चौथ्या आठवड्यात एक संध्याकाळ मैदानावर जा आणि कडेला बसून बघ. हात-पाय शिवशिवले तर परत जा, मात्र अटी घालून: एक वेळचाच सराव, आठवड्यात एक दिवस सुट्टी, आणि वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचं की कुठल्या दोन संघांकडून खेळणार. निमंत्रित स्पर्धा पहिल्या कापायच्या. नाही शिवशिवले, तरी आकाश कोसळत नाही. मैदानाशी नातं ठेवायला पंचांची परीक्षा आहे, लहान मुलींना शिकवणं आहे, आणि काहीही न ठेवणं हेही आहे. तेव्हा घेतलेला निर्णय तुझा असेल, आणि तो सरांच्या डोळ्याला डोळा देऊन सांगता येईल.

यादरम्यान जगणंच नको असं वाटायला लागलं, किंवा आत्ताही तसं वाटत असेल आणि पत्रात लिहायचं टाळलं असशील, तर तारखेची वाट बघायची नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू. मराठीत बोलता येतं.

क्रिकेट अकादमीच्या फीचे हप्ते चालू आहेत म्हणून, किंवा दहावीच्या क्रीडागुणांसाठी, नको असताना मैदानावर जाणाऱ्या इतर मुलामुलींनी यातलं जे लागू पडेल ते उचलावं. आईवडिलांना एकच सुचवते: घरी आलेल्या मुलाला पहिला प्रश्न ‘जिंकलात का?’ हा विचारू नका. ‘भूक लागलीय का?’ विचारा.

आणि हो, संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडू नकोस. म्यूट कर. बाहेर पडलीस की ग्रुपच्या ॲडमिनला ते कळतं, पाच मिनिटांत ‘तिने खेळ सोडला’ असं गावभर होतं, आणि मग चार आठवड्यांची साधी सुट्टी समजावून सांगण्यात तुझे पहिले चार दिवस फोनवर जातील.